तीन की चार

३ मार्च, मंगळवार

जुनी गाडी आज गेली. भंगारवाल्याने ती ओढूनच नेली, कारण स्वतःच्या पायांनी जाण्याच्या अवस्थेत ती नव्हती. बावीस वर्षं झाली होती. मागच्या सीटखालचा पत्रा इतका गंजला होता की वाकून पाहिलं तर रस्ता दिसायचा. मी फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. हे मात्र गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे, हातात गिअरच्या दांड्याची काळी मूठ. ती यांनी आधीच काढून ठेवली होती. कशाला, म्हणून विचारलं. उत्तर नाही. एक प्रश्न दोनदा विचारायची मला सवय नाही, पण आवाज चढवून पुन्हा विचारला तेव्हा म्हणाले, असू दे, तळहाताच्या ओळखीची आहे.

माणूस हळवा झालाय. सत्तरी जवळ आली की होतं म्हणे असं. मी अजून झालेले नाही.

लेक इथून तीन तासांवर राहते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिच्याकडे जातो. एप्रिलचा पहिला शनिवार नव्या गाडीतून, असं मी ठरवून टाकलं. यांनी मध्येच, बसने गेलो तर काय बिघडेल, असं सुचवून पाहिलं. बत्तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस बसने जाऊ म्हणतो! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गाडीची खरेदी हाही एक प्रयोगच. तेव्हा नोंदी प्रयोगवहीसारख्या ठेवणार. अठ्ठावीस वर्षं मी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली. मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगायची: आधी निरीक्षण, मग अनुमान. अनुमान आधी लिहून निरीक्षणं त्याला जुळवणाऱ्याची वही मी परत फेकायची.

५ मार्च, गुरुवार

शोरूमला गेलो. गाडी पसंत आहे, त्यात वाद नाही. वाद इंजिनाचा. एकाच गाडीत दोन इंजिनं मिळतात. दोन्ही पेट्रोलची, दोन्ही बाराशे सीसी. एकाला चार सिलिंडर, ते जुनं. त्याची शेवटची खेप आलीय. दुसऱ्याला तीन सिलिंडर, ते नवं. विकणारी मुलगी हुशार होती, पण फार हळू बोलते. हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बाहेर आल्यावर मी सुनावलं, की या वयात असं बघणं शोभत नाही. हे हसले नुसते.

चाराला ताकद थोडी जास्त. तिनाला लिटरमागे एक-दीड किलोमीटर जास्त. किंमत जवळजवळ सारखीच. मुख्य फरक म्हणजे चाराचं इंजिन उभ्या गाडीत चालू असलं तरी कळतसुद्धा नाही, इतकं शांत. तिनाचं थरथरतं. सीटला, स्टिअरिंगला, दाराच्या मुठीलासुद्धा. मी विचारलं तर मुलगी खाली मान घालून म्हणाली, "थोडंसं व्हायब्रेशन असतं, मॅडम. सवय होते."

यांनी दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाले, तिनाची घेऊ.

मी घरी येऊन तक्ता केला. नऊ बाबी, प्रत्येकी दहा गुण. चार सिलिंडर: सत्तर. तीन सिलिंडर: एकोणसाठ. हेच गॅरेजात असताना तीन सिलिंडरच्या इंजिनाला 'तीन पायांचं स्टूल' म्हणायचे, ते मला आठवतं. तसं म्हटलंही. म्हणाले, स्टूल तीन पायांचंच बरं, कुठेही डुगडुगत नाही.

अनुमान: हट्ट.

८ मार्च, रविवार

इमारतीचा पाण्याचा पंप बिघडला. सगळे यांनाच बोलवायला आले. पूर्वी गावभर यांची ख्याती होती ती याच गोष्टीची. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि सांगायचं: दुसरा टॅपेट, किंवा मागचं बेअरिंग. उघडल्यावर तेच निघायचं. दुसऱ्या गॅरेजवाले गाड्या घेऊन यायचे, नुसत्या ऐकवायला.

आज पाहते तर स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ दातात धरलेली. तेलकट, मळकट मूठ! सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत. वर येईपर्यंत मी दम धरला, मग विचारलं की आता दात यायचे राहिलेत का. तोंड धुवायला लावलं. निदान मात्र बरोबर निघालं, बेअरिंगच गेलं होतं.

अनुमान: म्हातारचळ.

९ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. तक्रार तिची अशी की बाबा हल्ली तिच्याशी बोलत नाहीत, "घे, आईशी बोल" म्हणून लगेच फोन माझ्याकडे देतात. मी यांना झापलं. म्हणाले, तुम्हा मायलेकींच्या गप्पांत माझं काय काम. मग टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्ही इतका मोठा लावलेला, की मला त्याहून मोठ्यानं ओरडून तो कमी करायला सांगावा लागला. घसा दुखतोय.

माझ्या आवाजावरून मला आयुष्यभर टोमणे मिळाले. सासूबाई म्हणायच्या, सून आणली की भोंगा. कॉलेजात मुलं म्हणायची, बाईंच्या प्रयोगशाळेला घंटा लागत नाही. हे मात्र कधी काही बोलले नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

चालवून पाहायला गेलो. आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण नोंद ती नोंद.

आधी चाराची गाडी. ती मुलगी मागे, मी यांच्या शेजारी. यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. एक क्षण गेला. यांनी पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनावर! दात करकरा खावेत तसा आवाज झाला. मुलीनं कानांवर हात ठेवले. शोरूममधले दोघे-तिघे बाहेर येऊन बघायला लागले. नवशिक्या पोरानं पहिल्या दिवशी करावी अशी चूक, आणि ती यांनी केली, ज्यांनी अशा चुकांबद्दल कारागिरांना उन्हात उभं केलं होतं. माझा चेहरा तापला. मी म्हटलं, "चालूच आहे ती!" त्या तिघांनाही ऐकू गेलं असणार.

पुढे रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच पळवत ठेवली. इंजिन कळवळत होतं, यांचं लक्ष नाही. मीच सांगितलं, बदला आता.

मग तिनाची. ती चालवली आणि अगदी पूर्वीसारखी चालवली. गिअर लोण्यातून सुरी जावी तसे. एकदाही चूक नाही. मला काही याची संगती लागत नाही.



१३ मार्च, शुक्रवार

शेवटी पटलं यांना! सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाले, "चाराचीच घेऊ. तुझ्या पाठीला धक्के नकोत." आणि वर, आपण एखादा ड्रायव्हर ठेवू, महिन्यातून एकदाच तर जायचं. मी म्हटलं, ड्रायव्हर कशाला, हात मोडलेत का तुमचे. त्यावर कप उचलून आत गेले. ती काळी मूठ दोन दिवस जेवणाच्या टेबलावर होती, ती आता कपाटात गेलेली दिसते.

दुपारी चाराच्या गाडीची नोंदणी करून आले. तक्त्याचा निकाल खरा ठरला. समाधान वाटायला हवं होतं. वाटेल सावकाश.

१६ मार्च, सोमवार

आवाज पूर्ण बसला. घशाच्या डॉक्टरांनी आरशानं बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात, म्हणाले, आयुष्यभर ओरडल्याच्या. पंधरा दिवस संपूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही. मी खूण करून विचारलं, नाही पाळलं तर? ते म्हणाले, मग पुढे सक्तीनंच पाळावं लागेल.

जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्यात. यांना पहिली चिठ्ठी दिली: "आता पंधरा दिवस शांतता. मजा करा." वाचून हसले नाहीत. उलट घाबरल्यासारखे दिसले. मला आश्चर्यच वाटलं.

१८ मार्च, बुधवार

सकाळी मी न्हाणीघरात. हे स्वयंपाकघरात, कुकरपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. एक शिटी झाली. दोन, तीन. दर वेळी मी आतून ओरडते, "तीन झाल्या, बंद करा!" आज ओरडता येत नव्हतं. चार. पाच. सात झाल्या तेव्हा मी ओल्या केसांनी धावत आले. डाळ कोळसा. हे शांतपणे पेपराचं पान उलटत होते.

मला पाहिल्यावर मग धूर पाहिला.

थोड्या वेळानं दाराची घंटा वाजली. हे हलले नाहीत. पुन्हा वाजली. मी मुद्दाम जागची उठले नाही. तिसऱ्यांदा वाजली. हे माझ्यासमोर, एका हातावर, चष्म्याची काच पुसत बसलेले. चौथ्यांदा वाजली नाही. जो कोण होता तो निघून गेला.

घरातला प्रत्येक आवाज मी यांना ओरडून सांगत आलेय. बेल वाजली, बघा. फोन वाजतोय. नळ चालू राहिलाय. दूध उतू चाललंय. मला वाटायचं, मी यांच्या आळसाला हाकतेय.

१९ मार्च, गुरुवार

ही वही पहिल्यापासून वाचली. वाचताना तांबडं पेन हातात घेतलं होतं.

५ तारीख: त्या मुलीच्या तोंडाकडे बघणं. ८ तारीख: मूठ दातात. ९ तारीख: फोन माझ्याकडे देणं, टीव्ही. १२ तारीख: किल्ली. सगळी निरीक्षणं माझ्याच अक्षरात, वेळच्या वेळी लिहिलेली. आणि खाली अनुमान काय, तर हट्ट. म्हातारचळ.

ही वही एखाद्या मुलीनं माझ्याकडे आणली असती तर मी ती परत फेकली असती.

नंतर पेन बंद केलं. "चालूच आहे ती!" हे मी किती मोठ्यानं म्हणाले होते, तेच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

२० मार्च, शुक्रवार

निवृत्त होताना कॉलेजनं मला एक नादकाटा दिला होता, आपटला की गुणगुणणारा पोलादी चिमटा. टवका उडालेला होता, म्हणून यादीतून काढलेला. आज तो कपाटातून काढला. ती काळी मूठ त्याच्याच शेजारी होती.

हे खिडकीपाशी बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले. नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि यांच्या कानाजवळ धरला. माझ्या हातात तो गुणगुणत होता, मला स्वच्छ ऐकू येत होता. यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुन्हा आपटला आणि या वेळी त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली; नाद हाडातूनही आत पोचतो.

यांचे डोळे मिटले. पूर्वी स्क्रूड्रायव्हर लावला की मिटायचे तसेच. नाद संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "हा येतो ऐकायला."

मी चिठ्ठी लिहिली: "कधीपासून?"

म्हणाले, दोनेक वर्षं झाली. आधी वाटलं, हल्लीची इंजिनंच बोलत नाहीत. मग पक्षी बोलेनात. मग लेक.

"मला का नाही सांगितलंत?"

चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, "लोक माझ्याकडे इंजिन ऐकवायला आणायचे. त्यांना काय सांगू, की मी बहिरा झालो? आणि तुला सांगायची वेळच आली नाही. तुझं सगळं ऐकू यायचं. तुझं एकटीचं."

पुढे म्हणाले, चाराचं चालू आहे की बंद, तेच कळत नाही. तिनाचं कळतं. हाताला कळतं, पायाला कळतं. "खरं सांगू? सगळ्यात जास्त बुडाला कळतं. पण ते तुझ्या तक्त्यात कसं घालणार?"

मला हसायचीही बंदी आहे की काय, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं. मी हसले. मग चष्मा पुसावा लागला.

२१ मार्च, शनिवार

एकटीच शोरूमला गेले. चिठ्ठी घरूनच लिहून नेली होती: "चारऐवजी तीन सिलिंडर करावेत." ती मुलगी गोंधळली. म्हणाली, मॅडम, तुम्हीच तर चार म्हणाला होतात, आणि चाराची ही शेवटची आहे, परत मिळणार नाही. मी लिहिलं: "माझं अनुमान चुकलं होतं." ती अजून काळजीत. म्हणाली, तिनाचं थरथरतं बरं का, नंतर तक्रार नको.

मी लिहिलं: "तेवढ्यासाठीच घेतेय."

घरी येऊन तक्त्यात दहावी बाब वाढवली: थरथर. तीन सिलिंडरला दहापैकी दहा, चारला शून्य. बेरीज केली तर चार सत्तर आणि तीन एकोणसत्तर. एक गुण कमीच पडला. मी पुन्हा बेरीज केली, तरी तेच. अठ्ठावीस वर्षांत मी कुणालाही एक गुण वाढवून दिला नव्हता. आज दिला.

२५ मार्च, बुधवार

यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. दोन्ही कानांना यंत्र लागेल, म्हणाल्या. गाडी चालवायला हरकत नाही, आरसे बघत राहायचं. हे म्हणाले, ते मी पहिल्यापासून बघतो, हल्ली बाकीचेच बघत नाहीत. यंत्राला मात्र साफ नकार. कानात बटणं घालून मी फिरणार नाही. माझ्याकडच्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वाद घातला. यांना बोलता येतं आणि मला लिहावं लागतं, हा वाद बरोबरीचा नाही.

३१ मार्च, मंगळवार

मौन संपलं. घशाच्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठी बसल्यात. पण यापुढे आवाज चढवायचा नाही, म्हणाले, कधीच नाही. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढंच बोलायचं. चढवलात तर गाठी परत येतील, आणि दुसऱ्यांदा आलेल्या जात नाहीत. हे समोरच्या खुर्चीत बसून डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं, यांना काही कळलं नसेल. घरी येऊन मी ते सगळं कागदावर लिहून दिलं. यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी हे न सांगता कुठेतरी गेले. अकराला आले. कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दोन्ही कानांचं माप देऊन आले होते. यंत्र ११ तारखेला, शनिवारी मिळणार.

परवापर्यंत ज्याला बटणं म्हणत होते, त्याला आज आपणहून कसे तयार झाले, देव जाणे. मी कारण विचारलं नाही. माणूस एकदा सरळ वागला की खोदून विचारू नये.

४ एप्रिल, शनिवार

गाडी काल आली. आज पहाटेच उठून हे तिच्यापाशी. जुनी काळी मूठ नव्या दांड्यावर बसते का, ते बघत होते. आटे जुळत नाहीत. चार दिवसांत जुळवून घेतो, म्हणाले.

निघालो. मी यांच्या शेजारी, पर्समध्ये चिठ्ठ्या. यांनी किल्ली फिरवली. एकदाच. सीट थरथरली. यांच्या खांद्यांतला ताण उतरला, तो मला बाजूनं दिसला. गावाबाहेर पडेपर्यंत एकही गिअर उशिरा पडला नाही, आणि मी एकदाही सांगितलं नाही. गप्प बसायला मला गेल्या महिन्यानं शिकवलं असावं.

मधल्या एका चौकात लाल दिवा लागला. बराच वेळ उभे होतो. गाडी आपली थरथरत होती. यांनी माझा हात उचलून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वर आपला तळहात. "कळतंय?" म्हणाले. "तिन्ही सिलिंडर. एक, दोन, तीन. एकही चुकत नाहीये." मी लक्ष दिलं. मला एक-दोन-तीन वगैरे काही कळलं नाही. यांचा हात कळला.

मी मान हलवली. आणि मग काहीतरी बोलले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढ्याच आवाजात. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. प्रयोगशाळेच्या आवाजात बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि दुसरा आवाज मला ठाऊक नव्हता, म्हणून ती राहून गेली होती.

यांनी माझे ओठ हललेले पाहिले असणार. माझ्याकडे वळले. "काय म्हणालीस?"

दिवा हिरवा झाला. मागचे भोंगे वाजवायला लागले. मी ते यांना सांगितलं नाही. यांना सीटमधून कळलंच होतं बहुतेक, किंवा आरशातून. गाडी पुढे घेतली.

मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि लिहून डॅशबोर्डवर समोर ठेवली: "पुढच्या शनिवारी सांगते."

यांनी वाचली आणि खिशात ठेवली. मग तासभर गाडी चालवताना स्वतःशीच हसत होते.

मी काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही. आधी यांना ऐकू दे.